नोएलच्या माघारी

गिदोन उजागरे यांनी आता मरायचं नाही असं ठरवलं, तेव्हा त्यांचं वय त्र्याहत्तर होतं.

हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या मुलीला, फेथला, ते दिसलं. आईला माती देऊन सगळे दौंडच्या घरी परतले, आल्यागेल्यांचा चहा झाला आणि बाबांनी खिडकीतली तंबाखूची डबी उचलून बाहेर उकिरड्यावर भिरकावली. रेल्वेत लागल्यापासूनची सवय होती ती. आई जन्मभर त्यावरून भांडली होती आणि हरली होती. दुसऱ्या दिवसापासून ते उजाडायच्या आत फिरायला जाऊ लागले. लोणचं सोडलं, चहातली साखर सोडली. सरकारी दवाखान्यात रांगेत उभं राहून रक्तदाब बघून घेऊ लागले. शेजारच्या साळूबाई ओट्यावर बसून म्हणाल्या, "बायको गेली आन् म्हाताऱ्याला जगायची हौस आली बघा."

फेथ ते ऐकून आत वळली. आतल्या खोलीत खाटेवर तिचा भाऊ नोएल होता. छत्तीस वर्षांचा हाडापेराचा गडी, पण कूस बदलायची तरी त्याला दुसऱ्याचे हात लागत. ते हात बाबांचे होते.

गिदोन मूळचे शिरूरचे. मिशनच्या आवारात त्यांचा जन्म झाला. वडील तिथल्या बंगल्याचे चौकीदार होते. मिसरूड फुटल्यावर गिदोन दौंडला रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि सगळी नोकरी त्यांनी रुळांवर काढली. उन्हाळ्यात रुळाला हात लागला तर कातडं सोलून निघायचं, आणि त्याच उन्हात खडी ओढायची, पहारीनं स्लीपर सरकवायचे. त्यांच्या टोळीत वडगाव रासाईचा गेणबा होता. धनगराचं पोर, घरची मेंढरं कमी होत गेली म्हणून नोकरीला आलेलं. दोघांची जोडी जमली. पगार झाला की सगळी टोळी गुत्त्याकडं वळायची आणि गेणबा हाक मारायचा, "गिदोन्या, येतूस का?"

"न्हाई रं. पोरं वाट बघत आसत्याल."

"पोरं काय पळून चालली व्हय?"

गिदोन हसायचे आणि क्वार्टरची वाट धरायचे. फेथला तिच्या लहानपणचे बाबा आठवत ते असे: नळावर अंग धुऊन, ओल्या केसांनी उंबऱ्यावर बसलेले, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर तीन पोरं. थोरला पॉल, मधला नोएल आणि सगळ्यांत शेवटची फेथ. रविवारी उपासनेहून आलं की ते आईला चुलीपुढून उठवायचे आणि मटणाची फोडणी स्वतः द्यायचे. तिखट हमखास जास्त व्हायचं. आई, राहेलबाई, शेजारणींना तक्रारीच्या सुरात सांगायची, "आमच्या मालकाला घराबाहेरचं काय दिसतच न्हाई." त्या तक्रारीत किती मिरवणं होतं, ते फेथला मोठेपणी कळलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दौंडमध्येच चर्चच्या मागच्या बाजूला तीन खोल्यांचं घर बांधलं. पॉल तेव्हा पिंपरीला कंपनीत चिकटला होता. नोएल कुरकुंभच्या एमआयडीसीत शिकाऊ म्हणून लागला होता. फेथ बारावीला होती. गिदोनना वाटलं, आता आपलं झालं. आता पोरांची लग्नं लावायची आणि नातवंडं खेळवायची.

पुढच्याच जानेवारीत ते घडलं. उसाचा हंगाम जोरात होता. यवतला मित्राचा साखरपुडा आटोपून नोएल मोटारसायकलवर घरी निघाला. दिवस मावळून गेला होता. पाटसच्या अलीकडं हायवेवर उसाची एक ट्रॉली टायर फुटून उभी होती. मागं दिवा नाही, लाल फडकं नाही, नुसता अंधार आणि त्या अंधारात उसाच्या मोळ्या. नोएल सरळ तिच्यात गेला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तो दीड महिना बेशुद्ध होता. डॉक्टरांनी गिदोनना बाजूला घेऊन सांगितलं, "मेंदूला मार आहे. वाचला तरी असाच राहील. उठणार नाही, बोलणार नाही. तयारी ठेवा."

गिदोननी एकच विचारलं, "वळखील का?"

"सांगता येत नाही."

त्यानं ओळखलं. घरी आणल्यावर काही आठवड्यांनी बाबा खाटेजवळ आले की त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी फडफडू लागली आणि घशातून एक आवाज येऊ लागला. दुसऱ्या कुणासाठी तो आवाज निघत नसे, आईसाठीसुद्धा नाही. गिदोननी त्या आवाजाला 'बा' म्हणायचं ठरवलं. "ऐकलं का? बा म्हणाला!" असं ते आल्यागेल्याला सांगत. लोक मान हलवत.

आणि मग त्या माणसाची दुसरी नोकरी सुरू झाली. नोएलला अंथरुणातच पुसून काढायचं, खोबरेल लावायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळानं कुशीवर वळवायचं, गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायची. भाकरी दुधात कुस्करून, गाळून, घास घास भरवायचा. गिळला की नाही हे त्याच्या गळ्याकडं बघून ठरवायचं आणि मगच दुसरा घास. दाढी करायची. दर रविवारी चाकाच्या खुर्चीत बसवून, छातीला पट्टा बांधून, चर्चला न्यायचं आणि सगळ्यांत मागच्या बाकाशेजारी उभं करायचं. पेटी वाजली की नोएल तोंड वासून हसायचा. पुढच्या बाकावरची पोरं वळून वळून बघायची.

गिदोननी हे सगळं इतक्या मायेनं केलं, की चर्चमध्ये प्रवचनात त्यांचं उदाहरण दिलं जायचं. फेथ ते ऐकत बसायची आणि तिच्या मनात भलतंच यायचं. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी ती धावत घरी आली होती. शाळेत मुलींमध्ये पहिली आली होती ती. बाबा आत नोएलचं अंथरूण बदलत होते.

"बाबा, मी पास झाले. पहिली आले."

"हां, बरं झालं. ती दोरीवरची चादर दे जरा."

तिनं चादर दिली. त्यांनी नंतरही काही विचारलं नाही. मुद्दाम नव्हे; त्यांच्या डोक्यात ते शिरलंच नव्हतं. बाप तिघांचा होता, पण त्याच्याकडं द्यायला जे काही होतं ते सगळं एका खाटेभोवती संपत होतं. पॉलनं हे आधी ओळखलं आणि पिंपरीतच संसार मांडला. त्याला मुलगी झाली, जेसिका. तिच्या बाप्तिस्म्याला गिदोन सकाळी गेले आणि दुपारच्या गाडीनं परत आले. केकसुद्धा खाल्ला नाही.

पॉलनंच एकदा विषय काढला. पुण्याच्या बाजूला एक संस्था आहे, अशा माणसांना सांभाळतात, तुम्ही दोघं थकलात. गिदोननी ऐकून घेतलं. नाही म्हणाले नाहीत. "बघून येतो," म्हणाले. जाऊन आले. रात्री जेवले नाहीत. राहेलबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "सोच्छ हाय. मान्सं बी चांगली हायती. एका खोलीत वीस खाटा हायती आन् दोन बाया. एक पोरगा व्हता, नोएलवानीच. त्याच्या तोंडावर माशी बसली व्हती. मी व्हतो तितका येळ बसली व्हती."

तो विषय पुन्हा निघाला नाही.

फेथ डी.एड. झाली. स्थळं येत. पाहुणे पोहे खात, आतल्या खोलीकडं बघत आणि नंतर निरोप पाठवत. ती तिशीच्या घरात गेल्यावर शिरूरच्या सत्यजीतचं स्थळ आलं. तो शाळेत शिक्षक होता, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, अबोल माणूस. त्यानं आतल्या खोलीत जाऊन नोएलच्या उशाशी थोडा वेळ बसून घेतलं आणि बाहेर येऊन हो म्हणाला. फेथ शिरूरला गेली, तिथल्याच एका शाळेत लागली. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की ती न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून एसटी बदलत दौंडला यायची आणि रविवारी संध्याकाळी परत.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा आईचं पोट दुखायला लागलं. दुखणं जुनं होतं. तिनं ते लपवलं होतं, कारण तिला दवाखान्यात घेऊन जायचं म्हणजे नोएलजवळ कोण बसणार. कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत तिचं बोलणं तुटक झालं होतं. फेथ पायाशी होती, बाबा उशाशी. आईनं त्यांचा सदरा धरला.

"ह्याला मागं ठिवून येऊ नका," ती म्हणाली.

"न्हाई."

"शपथ घ्या."

"आपल्यात शपथ घेत न्हाईत, राहेल."

"तरी घ्या."

त्यांनी घेतली. म्हणून ती तंबाखूची डबी उकिरड्यावर गेली.

त्यानंतर बारा वर्षं ते जगले ते एखादं अवघड काम अंगावर घेतल्यासारखे. ताप आला की घाबरून जात, स्वतःसाठी नव्हे. पाय घसरेल म्हणून मोरीत गोणपाट टाकलं. करोनाच्या साथीत त्यांनी दारालाच कडी घातली. साळूबाई दूध उंबऱ्यावर ठेवून जात, ते उकळून घेत, फेथलासुद्धा अंगणातूनच परत पाठवत. ती चिडली तेव्हा आतून ओरडले, "मला काय झालं तर ह्याच्या तोंडात पानी कोन घालील? तू जा!"

मी घालीन की, असं ती म्हणाली होती. पुष्कळदा म्हणाली होती. नोएलला घेऊन शिरूरला या, आमच्यात राहा. सत्यजीतचीही ना नव्हती. पण बाबा मान हलवत. "लेकीच्या घरी लेकाला धुवायला जाऊ? तुला शाळा हाय, संसार हाय. ह्यो माझा हाय."

मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या कपात दिसलं, नंतर दाढी करताना. नोएलच्या गालावर एकदा ब्लेड लागलं. तेव्हापासून त्यांनी दाढीला न्हावी बोलावला. पण भरवणं सोडलं नाही. दुसऱ्याच्या हातचा घास नोएल थुंकून टाकायचा, हेही खरंच होतं.

त्या वर्षी डिसेंबर सुरू झाला होता. चर्चला दिवे लावायचं काम चाललं होतं. शनिवारची दुपार, फेथ नुकतीच येऊन पाय धुवत होती आणि आत बाबा नोएलला दूधभाकरी भरवत होते. तिला ठसका ऐकू आला. मग दुसरा. मग बाबांचा आवाज, "ए, ए, ए... नोएल!" ती आत धावली. नोएलचा चेहरा निळा पडला होता. बाबांनी त्याला पुढं वाकवून धरलं होतं आणि पाठीवर थापट्या मारत होते. वाटी जमिनीवर पालथी झाली होती.

श्वास परत आला. पण रात्रीतून ताप चढला, छाती घरघरायला लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं की अन्न फुप्फुसात उतरलंय, निमोनिया झालाय. असे रुग्ण बहुतेक वेळा यातच जातात. इतकी वर्षं तगला हेच नवल. ते चांगल्या हेतूनं बोलत होते. बाबा ऐकत होते की नाही कळत नव्हतं. ते आपल्या उजव्या हाताकडं बघत होते.

चौथ्या दिवशी नोएल गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, त्यातली निम्म्याहून जास्त खाटेवर. कबरस्थानात ज्यानं त्यानं बाबांचा हात हातात घेऊन एकच शब्द उच्चारला. सुटला. नोएल सुटला, आणि गिदोनमामा, तुम्हीबी सुटलात. बाबा प्रत्येकाकडं असे बघत, जणू तो परक्या भाषेत बोलतोय.

फेथनं त्यांना शिरूरला आणलं. आता नाही म्हणायला त्यांच्याकडं कारण उरलं नव्हतं. तिनं त्यांना खिडकीजवळची खाट दिली. ते सकाळी ठरल्या वेळी उठत, पाणी तापवत, आणि मग मोरीच्या दारात उभे राहत. फेथनं "बाबा, बसा," म्हटलं की बसत. ज्या आवारात त्यांचा जन्म झाला होता ते चालत दहा मिनिटांवर होतं. ती त्यांना एकदा तिकडं घेऊन गेली. ते चिंचेखाली उभं राहून म्हणाले, "हितं काय बी न्हाई," आणि मागं फिरले.

चर्चला जायचं मात्र त्यांनी साफ बंद केलं. जेवताना सत्यजीत प्रार्थना करायचा तेव्हा ते डोळे उघडे ठेवत. दोन-तीन महिने असं चाललं. मग पाळकसाहेब घरी आले, शेजारी बसले, स्वर्गात भेट होईल वगैरे म्हणाले. गिदोन शांतपणे ऐकत होते. पाळकसाहेब निघाले तेव्हा त्यांनी दारापर्यंत जाऊन हात जोडले आणि परत येऊन फेथला म्हणाले, "त्यांना पुन्यांदा बोलवू नगंस."

"का, बाबा? ते चांगल्यासाठीच येतात."

"मला तिथं तोंड दाखवायला जागा न्हाई."

"असं का म्हणता?"

ते खाटेवर बसले. बराच वेळ चादरीची घडी नीट करत राहिले.

"तुझी आई गेल्यापासनं मी रोज मागत व्हतो. जेवताना बी, झोपताना बी. तुमास्नी वाटायचं बाबा प्रार्थना करत्यात. मी एकच मागत व्हतो. ह्याला माझ्या आधी ने. माझ्या डोळ्यांदेखत ने. देवा, ह्याला मागं ठिवू नगंस." त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला. "बारा वर्सं मागितलं. आन् त्यानं दिलं. पर कसं दिलं बघ. घास माझ्याच हातचा."

ती म्हणाली, "बाबा, डॉक्टर म्हणाले ना, त्याचं गिळणंच कमी झालं होतं. कुणीही भरवलं असतं तरी—"

"कुनी न्हाई भरवलं. मी भरवलं."

"तुमचा काय दोष त्यात?"

"मला समजावू नगंस, फेथ. तू शाळंत समजाव." ते रागानं बोलले नाहीत. "त्या दिशी त्याला ठसका लागला तवा माझ्या मनात काय आलं, सांगू? झालं, असं आलं. झालं एकदाचं. मग मी त्याला थापटलं. आधी ते आलं, मग हात उचलला."

फेथ त्यांच्याजवळ बसली. आपल्याला भावाचा हेवा वाटायचा हे तिला ठाऊक होतं. बापाची कीव यावी अशी वेळ येईल हे ठाऊक नव्हतं. तिनं त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, एवढंच.

एप्रिलमध्ये गेणबा भेटायला आला, बायकोला, अनसाबाईला, घेऊन. दोघं एसटीनं आले होते. गेणबा काठीवर वाकला होता, पण पटका तसाच ताठ. त्यांनी शेतातली वांगी आणि मक्याची कणसं आणली होती. अनसाबाई फेथबरोबर आत गेल्या. सैपाकघरातून फेथला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. मग बाबांचा आवाज आला.

"गेणबा, तुमच्या मेंढरात एखादं लंगडं निघालं, चालंना, तर काय करायचा रं तुमी?"

फेथचे हात थांबले. किती प्रवचनांत ऐकलं होतं, मेंढपाळ त्या मेंढराला खांद्यावर घेतो म्हणून. गेणबानं जरा विचार केला.

"काय करायचं? खाटकाला द्यायचो."

"खांद्यावर न्हाई घेतलं कवा?"

"खांद्यावर? आरं, वीस-पंचवीस किलोचं जनावर. बाकीची शंभर कोन हाकील मग? कोकराला घ्यायचो येखांद दिस. मोठ्याला खाटीकच."

आणि बाबा हसले. नोएल गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि हसतच राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गेणबाही हसायला लागला, का ते त्यालाही कळत नसावं. मग ते हसणं बदललं. फेथ दारात आली तेव्हा गेणबा बाबांचं डोकं आपल्या खांद्याशी धरून बसला होता आणि म्हणत होता, "आसू दे, गिदोन्या. आसू दे. तू न्हाई दिलास. तू न्हाई दिलास ना खाटकाला? मग?"

त्या भेटीनंतर ते थोडे बरे झाले असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. बोलू लागले थोडं, पण शरीर उतरत चाललं. ज्याच्यासाठी जगायचं तो उरला नव्हता. रक्तदाबाची गोळी घ्यायची विसरत. फेथ हातात देई तेव्हा घेत. पुढच्या फेब्रुवारीत ते मोरीतून येताना पडले आणि खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, या वयात शस्त्रक्रिया झेपणार नाही. मग तेही खाटेला लागले.

फेथनं शाळेतून रजा घेतली. त्यांना कुशीवर वळवायला लागली तेव्हा तेच सांगत, "तशी न्हाई. आधी खांदा धर. आता कंबर. टाच गादीला टेकू दिऊ नगंस, तिथं आधी जखम व्हती." त्यांचा आवाज तेव्हा पूर्वीसारखा होई, कामातला. ते सांगतील तसं ती करत होती. लेकीनं आपल्याला पुसावं याची लाज त्यांनी पहिल्या दिवशी डोळे मिटून घेऊन सोसली. नंतर ती लाजही गेली.

एका दुपारी ते म्हणाले, "फेथ, नोएल चालायचा कसा गं?"

"म्हणजे?"

"मला आठवना झालंय. मी डोळं मिटलं की त्यो खाटंवरच दिसतो. त्याच्या आधीचा दिसतच न्हाई. बावीस वर्सं चालत व्हता की त्यो. कसा चालायचा?"

तिनं आठवून सांगितलं. लांब ढांगा टाकायचा, चप्पल फरफटवत. आई ओरडायची, टाचा झिजतात म्हणून. बाबा ऐकत होते. मग तिनं स्टेशनवरच्या सूचना नाकातून बोलून दाखवायचा ते सांगितलं, आणि सायकलच्या दांडीवर बसवून तिला भीमेवर न्यायचा ते. एकदा तुम्ही त्याला मारलं म्हणून तो रेल्वे कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीवर चढून बसला. खाली सगळी कॉलनी जमली. कुणाचं ऐकेना. मग तुम्ही ड्युटीवरून आलात आणि तसेच वर चढलात.

"मी चढलो?"

"हो, तुम्हीच. वर जाऊन त्याच्याशेजारी बसलात. काय बोललात ते खाली ऐकू आलं नाही. दोघं पाय सोडून बसला होतात."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून खूप प्रयत्न केला. "न्हाई आठवत," ते म्हणाले. "काय बोललो आसंन?"

"त्यानं कधी सांगितलं नाही."

मग रोज तेच सुरू झालं. ती नोएलच्या गोष्टी सांगायची. ते लहान मुलासारखे "मग?" म्हणायचे. आपल्याच लेकाच्या गोष्टी ते नव्यानं ऐकत होते. त्यातली एकही त्यांना आठवली नाही. चोवीस तास ज्याला जपलं, त्या जपण्यानंच तो आधीचा पोरगा पुसून टाकला होता. पण ऐकताना त्यांचा चेहरा सैल पडायचा. "लई वांड व्हता म्हंजी," ते म्हणायचे.

"लई वांड होता, बाबा."

शेवटच्या आठवड्यात त्यांनी तिला तिच्याबद्दलही विचारलं, एकदाच. "तू गं? तू काय करायचीस तवा?" तिनं तोंड उघडलं, पण तोवर त्यांना झोप लागली होती.

मार्चमध्ये, ऊन तापायला लागल्यावर, भर दुपारी ते गेले. फेथ त्यांच्यासाठी पेज गाळत होती. आत आली तेव्हा श्वास थांबलेला होता. त्यांनी प्रार्थना केली होती की नाही, देवाशी त्यांचं मिटलं होतं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. पाळकसाहेब अंत्यविधीला म्हणाले, आपले बंधू शांतीनं निजले.

माती दौंडलाच द्यायची होती. कबरस्थानात राहेलबाई आणि नोएल यांच्या शेजारची जागा वर्षभरात भरून गेली होती. बाबांसाठी मिळाली ती पार भिंतीकडची. पॉल चर्चच्या पंचांशी वाद घालायला लागला. फेथनं त्याची बाही ओढली. "राहू दे, दादा." गेणबाला दोघांनी धरून आणलं होतं. त्यानं मूठभर माती टाकली, खड्ड्याकडं बघून "चल रं," असं काहीतरी पुटपुटला, आणि अनसाबाईंनी त्याला मागं घेतलं. साळूबाई भिंतीपाशी उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या.

दौंडच्या घराचं काय करायचं ते नंतर बघू असं ठरलं. फेथनं आत जाऊन फक्त खिडक्या लावल्या. सत्यजीत माती देऊन लगेच परीक्षेच्या कामासाठी परतला होता, म्हणून पॉलनं तिला आपल्या गाडीतून शिरूरला सोडायचं ठरवलं. जेसिका मागच्या सीटवर झोपून गेली. पारगावचा पूल मागं पडला, न्हावरं आलं. रस्त्याच्या कडेनं रिकाम्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. हंगाम संपत आला होता.

पॉलनं गाडी एका टपरीपाशी थांबवली.

"सकाळपासून काही खाल्लंस का तू?" त्यानं विचारलं.

तिनं आठवून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला रडू फुटलं.